चांगल्या चिपचा हिशोब : फॅबमध्ये यील्ड वाढवत खर्च कसा उतरवायचा

३०० मिलिमीटर व्यासाच्या वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, १०० चौरस मिलिमीटरची चिप छापली, तर कडेचे अर्धवट तुकडे सोडून साधारण ६४० डाय, म्हणजे सुट्या चिप, मिळतात. सगळ्या प्रक्रिया संपून वेफर चाचणीला गेला, की त्यातले ३८८ चालतात किंवा ५२४ चालतात. दोन्ही वेफरमध्ये गेलेलं सिलिकॉन, रसायनं, वीज, यंत्रांचा घसारा आणि पगार सारखेच असतात. हिशोबापुरतं धरू, एका वेफरला ३ लाख रुपये लागले. पहिल्या वेफरची चांगली चिप ७७३ रुपयांना पडली, दुसऱ्याची ५७३ रुपयांना. म्हणजे २६ टक्के उतार. पुरवठादारांशी कितीही घासाघीस केली तरी इतका फरक पडत नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह : खर्च वेफरमागे मांडू नका, चांगल्या चिपमागे मांडा. यील्डच्या, म्हणजे एकूणांपैकी चांगल्या निघालेल्यांच्या प्रमाणाच्या, कामात माझी बरीच वर्षं गेली. वेफरमागचा खर्च कमी केला म्हणून बैठकीत कौतुक झालेला एक निर्णय दोन महिन्यांनी चाचणीच्या टेबलावर डाय मारत होता, हे मी जवळून पाहिलं आहे. स्वस्त पडणारी स्लरी (वेफर घासून सपाट करायचं द्रव) आणली होती. वाचलेले पैसे आणि गेलेले डाय एकाच कागदावर तोवर कुणी मांडलेच नव्हते.

गुजरातमधल्या धोलेऱ्याला टाटा आणि तैवानच्या पीएसएमसी कंपनीचा महिन्याला ५०,००० वेफर क्षमतेचा फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, उभा राहतो आहे. साणंद, आसामातलं जागीरोड आणि आपल्या नवी मुंबईतलं महापे इथे पॅकेजिंगचं, म्हणजे डाय कापून वेष्टणात बसवण्याचं, काम आलं आहे. या कामाला लागणाऱ्या इंजिनिअर मुलामुलींसाठी मी हे लिहितो आहे. त्यामुळे उदाहरणं २ नॅनोमीटरची नसून २८ ते १८० नॅनोमीटरच्या पिढ्यांना (आकडा जितका मोठा तितकी पिढी जुनी) लागू पडतील अशी घेतली आहेत.

पायरी १ : एकच आकडा घेऊन बसू नका, तो फोडा

"आपलं यील्ड ७८ टक्के आहे" या वाक्यावरून काहीच करता येत नाही. ते कुठे गेलं ते बघायचं असेल तर आधी तीन भाग करा. लाइनमध्ये घातलेल्या वेफरपैकी किती शेवटपर्यंत पोचले, हे लाइन यील्ड. पोचलेल्या वेफरवरचे किती डाय चाचणीत पास झाले, हे डाय यील्ड. आणि पॅकेज केल्यावर किती टिकले, हे अंतिम चाचणीचं यील्ड. ९७, ८२ आणि ९८ टक्के हे तिन्ही आकडे ऐकायला बरे वाटतात, पण त्यांचा गुणाकार ७८ येतो.

तिन्हींत डाय यील्ड सगळ्यात चिवट. तेही दोन भागांत फोडावं लागतं : कुठेही पडणाऱ्या कणांमुळे गेलेले डाय, आणि ठरावीक कारणाने ठरावीक जागी जाणारे डाय. पहिल्या प्रकारासाठी पॉयसनचं साधं सूत्र वापरतात. डायचं क्षेत्रफळ गुणिले दोषघनता, हा गुणाकार ई या संख्येचा ऋण घात म्हणून घ्यायचा. १ चौरस सेंटिमीटरचा डाय असेल आणि दोषघनता दर चौरस सेंटिमीटरला ०.५ असेल, तर यील्ड ६०.७ टक्के. दोषघनता ०.२ वर आणली तर ८१.९ टक्के. सुरुवातीचे ३८८ आणि ५२४ हे आकडे इथूनच आले. प्रत्यक्षात दोष वेफरभर सारखे विखुरलेले नसतात, झुबक्याने पडतात. त्यामुळे मोठ्या डायसाठी हे सूत्र जास्तच निराशाजनक उत्तर देतं. बेल लॅब्समधल्या मर्फी यांनी १९६४ मध्ये सुचवलेलं सूत्र किंवा पुढे आलेली ऋण द्विपदी पद्धत तिथे जास्त जवळ जाते.

दोन प्रकार वेगळे काढायची एक जुनी युक्ती मला फार आवडते, कारण तिला कागद आणि वेफरचा नकाशा (कुठला डाय पास, कुठला नापास) यांखेरीज काही लागत नाही. शेजारचे दोन-दोन डाय जोडून त्यांना एक मोठा डाय समजा आणि यील्ड काढा. मग चार-चार जोडून काढा. क्षेत्रफळ आडव्या अक्षावर आणि यील्डचा लॉगॅरिथम उभ्या अक्षावर मांडला, की रेघ मागे ओढून शून्य क्षेत्रफळापर्यंत न्या. तिथे १०० टक्के यायला हवेत. ९१ आले, तर ९ टक्के तोटा कणांचा नाही, तो प्रक्रियेतल्या किंवा डिझाइनमधल्या ठरावीक चुकीचा आहे. अशा वेळी क्लीनरूमवर कितीही पैसे ओतले तरी ते ९ टक्के परत येत नाहीत. हा हिशोब न करता फिल्टर बदलायला निघालेल्या टीम मी पाहिल्या आहेत.

पायरी २ : नकाशा वाचायला शिका

नापास डायचा नकाशा बोलतो, पण एका वेफरचा नकाशा पुटपुटतो. लॉटमधल्या, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या गठ्ठ्यातल्या, सगळ्या २५ वेफरचे नकाशे एकावर एक ठेवून पाहा, मग आकृती उठून दिसते.

मधोमध गोल डाग असेल तर रेझिस्टचं (प्रकाशाने नक्षी उमटणाऱ्या थराचं) कोटिंग, सीएमपी (रसायन लावून घासून सपाट करणं) किंवा चेंबरमधला (यंत्रातल्या बंद कोठडीतला) वायूचा प्रवाह तपासा. कडेला कंगोरा असेल तर एचिंगमधली (नको तो थर कोरून काढण्यातली) कडेची रिंग, कडेवरचं रेझिस्ट काढणारी पायरी, कडेवरून सुटणारे फिल्मचे पापुद्रे. दर छाप्यात त्याच जागचा डाय मरत असेल तर रेटिकलवर, म्हणजे नक्षी छापायच्या काचेच्या मास्कवर, कण बसला आहे किंवा मास्कमध्येच दोष आहे. वाकडी लांब रेघ म्हणजे ओरखडा, आणि त्या रेघेची वक्रता यंत्रातल्या हाताच्या फिरण्याशी जुळवून पाहिली तर कुठल्या यंत्राने ओढली ते कळतं. एकाआड एक वेफर खराब असतील तर दोन चेंबर असलेलं यंत्र शोधा, त्यातला एक चेंबर आजारी आहे.

कडेकडे विशेष लक्ष द्या. ३०० मिलिमीटरच्या वेफरचा बाहेरचा फक्त १० मिलिमीटरचा पट्टा एकूण क्षेत्रफळाच्या जवळजवळ १३ टक्के असतो. डोळ्यांना तो किरकोळ वाटतो आणि म्हणून "कडा अशीच असते" म्हणून सोडून दिला जातो. जुन्या फॅबमध्ये माझ्या पाहण्यातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात स्वस्त सुधारणा बहुतेक वेळा याच पट्ट्यात सापडली आहे.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. महत्त्वाच्या पायऱ्यांआधी लॉटमधल्या वेफरचा क्रम सॉर्टरवर (वेफर रचणाऱ्या यंत्रावर) मुद्दाम बदला आणि प्रत्येक वेळचा क्रम नोंदवा. क्रम सगळीकडे एकच राहिला तर पहिला वेफर प्रत्येक यंत्रात पहिलाच असतो आणि दोष कुणाचा ते ओळखता येत नाही. क्रम बदलत गेला की खराब वेफर ज्या एका यंत्राच्या क्रमाशी जुळतात, तेच यंत्र पकडलं जातं.

पायरी ३ : मोठा दोष कोणता ते मारलेल्या डायवरून ठरवा

तपासणीचं यंत्र वेफरवर शेकडो दोष दाखवतं. त्यातले बरेच निरुपद्रवी असतात. म्हणून लाइनमध्ये टिपलेल्या दोषांच्या जागा आणि शेवटी मेलेल्या डायच्या जागा एकमेकांवर ठेवा आणि प्रत्येक प्रकारचा दोष किती वेळा जीव घेतो ते काढा.

समजा एका प्रकारचे दोष वेफरमागे ४० सापडतात, पण त्यांतले ५ टक्केच प्राणघातक आहेत. म्हणजे २ डाय गेले. दुसऱ्या प्रकारचे फक्त ६ सापडतात, पण ७० टक्के मारतात. म्हणजे ४ डाय गेले. संख्येच्या यादीत पहिला वर दिसतो, नुकसानीच्या यादीत दुसरा. माणसं आणि वेळ दुसऱ्यावर लावा.

नेमकी जागा शोधायला चिपमधली एसरॅम मेमरी फार उपयोगी. कुठला बिट मेला, पूर्ण ओळ मेली की स्तंभ, की शेजारचे दोन बिट, यावरून दोष कुठल्या थरात आहे याचा अंदाज बांधता येतो. मग आयन किरणाने तिथेच छेद घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. अंदाजावर रेसिपी (यंत्राला दिलेल्या सूचना) बदलण्याआधी एकदा तरी दोषाचं तोंड बघाच. दोन डायच्या मधल्या चिरणीच्या पट्ट्यांमध्ये ठेवलेल्या चाचणी रचनांचे विद्युत आकडेही याच टेबलावर हवेत. ट्रान्झिस्टरचा थ्रेशोल्ड व्होल्टेज (तो चालू होण्याचा व्होल्टेज) सरकला असेल तर कितीही कण मोजले तरी उत्तर सापडणार नाही.

पायरी ४ : तपासणी तिथे, जिथे चूक परत फिरवता येते

फॅबमधल्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या एकेरी रस्ता आहेत. एचिंग झालं की झालं, इम्प्लांट केलेले, म्हणजे आत घुसवलेले, आयन परत काढता येत नाहीत. लिथोग्राफी, म्हणजे प्रकाशाने रेझिस्टवर नक्षी छापणं, हा मोठा अपवाद. डेव्हलप केल्यावर रेघेची रुंदी किंवा थरांची जुळणी चुकलेली दिसली, तर रेझिस्ट धुऊन पुन्हा लावता येतं आणि वेफर वाचतो. म्हणून मोजमापाचं बजेट अपुरं असेल, आणि ते नेहमीच असतं, तर पहिला पैसा डेव्हलपनंतरच्या आणि एचिंगआधीच्या तपासणीत घाला.

दुसरा पैसा बाहेरून येणाऱ्या मालावर. जानेवारी २०१९ मध्ये तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या फॅब १४बी मध्ये एका पुरवठादाराकडून आलेल्या फोटोरेझिस्टच्या बॅचमधल्या एका घटकावर चुकीची प्रक्रिया झालेली होती, त्यातून रेझिस्टमध्ये परका पॉलिमर तयार झाला. वेफर भंगारात काढावे लागले आणि कंपनीने त्या तिमाहीच्या महसुलात सुमारे ५५ कोटी डॉलरची घट जाहीर केली. जगातला सगळ्यात शिस्तीचा फॅब म्हणावा अशा ठिकाणी ही गोष्ट झाली. तेव्हा नवी बॅच आली की ती सगळ्या यंत्रांवर एकदम चढवू नका. एका यंत्रावर, एका लॉटवर चालवा, दोष आणि रुंदी मोजा, मग बाकीच्यांना द्या. बाटलीचा बॅच क्रमांक प्रत्येक लॉटच्या इतिहासात नोंदला गेलाच पाहिजे. नाहीतर संकटाच्या दिवशी कुठले वेफर बाधित आहेत ते शोधण्यातच आठवडा जातो आणि तोवर लाइन चालूच असते.

तपासण्यांमधलं अंतर किती ठेवायचं? दोन तपासण्यांच्या मधे जितके वेफर निघून जातात, तितके बिघाडाच्या दिवशी धोक्यात असतात. त्या वेफरची किंमत आणि जास्तीच्या एका तपासणीची किंमत शेजारी लिहा, उत्तर समोर येतं.

पायरी ५ : प्रक्रिया हातात ठेवा

५०० पायऱ्यांच्या प्रक्रियेत प्रत्येक पायरी ९९.९ टक्के नीट झाली तरी शेवटी ६०.६ टक्केच उरतात. ९९.९९ झाली तर ९५. चौथ्या नऊसाठीची ही धडपड म्हणजेच फॅबचं रोजचं काम.

नियंत्रण आलेख वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडला. शंभर वर्षांनंतरही त्याची जागा दुसऱ्या कशाने घेतलेली नाही. अडचण आलेखात नसते, लाल ठिपका, म्हणजे मर्यादेबाहेरचं मोजमाप, आल्यावर काय होतं त्यात असते. ठिपका आला, पुन्हा मोजलं, आत आला, लॉट सोडला : ही सवय मोडा. प्रत्येक लाल ठिपक्यासाठी कुणी काय करायचं हे आधीच लिहून ठेवा, आणि ते एका पानात मावलं पाहिजे. रात्री तीन वाजता दोन पानं कुणी वाचत नाही.

सरकत जाणाऱ्या प्रक्रियांना आलेख पुरत नाही. सीएमपीचा पॅड झिजतो तसा घासण्याचा वेग उतरतो. मागच्या लॉटचं मोजमाप घेऊन पुढच्या लॉटचा वेळ आपोआप दुरुस्त करणारं नियंत्रण तिथे लावा. एकाच मोजमापावर पूर्ण दुरुस्ती करू नका, मागच्या काही लॉटची भारित सरासरी घ्या. नाहीतर मोजमापातल्या थरथरीच्याच मागे प्रक्रिया धावत सुटते.

एकाच रेसिपीच्या चार चेंबरना जुळी भावंडं समजू नका. त्यांचे सरासरी आकडे वेगवेगळे काढा. सगळ्यांचा मिळून दिसणारा पसारा बहुतेक वेळा चेंबरमधल्या फरकाचा असतो, आणि सगळ्यात वाईट चेंबर इतरांच्या पंक्तीत आणला की पसारा निम्म्यावर येऊ शकतो. देखभालीनंतरचा पहिला लॉट विशेष जपा. भिंती नुकत्या धुतलेल्या असतात, त्यांच्यावर पुरेसा थर चढेपर्यंत प्लाझ्मा वेगळा वागतो. म्हणून आधी साधे वेफर चालवून चेंबर मुरवून घ्यावा लागतो. ते वेफर वाचवायला जाऊ नका.

आणि घड्याळ. काही पायऱ्यांमध्ये वेफर फार वेळ थांबलेला चालत नाही. गेट ऑक्साइडआधीच्या (ट्रान्झिस्टरमधल्या पातळ विद्युतरोधक थराआधीच्या) धुलाईनंतर वेफर पडून राहिला की हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर नको असलेला थर धरतो. १८० नॅनोमीटर आणि त्याआधीच्या पिढ्यांमध्ये सहसा तारा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि त्यांचं एचिंग क्लोरीनने होतं. क्लोरीनचे अंश रेघांच्या अंगाला चिकटून राहतात, त्यांना बाष्प मिळालं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि तार आतून खाल्ली जाते. म्हणून निर्वातातून बाहेर न काढता तिथेच रेझिस्ट जाळायचं आणि वेळेच्या आत धुवायचं. पावसाळ्यात आर्द्रतेचं नियंत्रण जरासं ढळलं तरी हे दुखणं डोकं वर काढतं, आणि आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा असतो. अशा प्रत्येक जोडीला वेळेची मर्यादा लिहा. पुढचं यंत्र मोकळं असल्याशिवाय मागची पायरी सुरूच होऊ देऊ नका.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात, कारण टोप्या, झगे, फिल्टर यांची शिस्त सगळ्यांना ठाऊक असते. न दिसणारी घाण मात्र विसरली जाते. २४८ नॅनोमीटरच्या प्रकाशाला लागणारं रेझिस्ट हवेतल्या अमोनियाला आणि अमाइनना भलतंच हळवं असतं. अब्जात काही भाग पुरतात आणि रेघेचं डोकं इंग्रजी टी अक्षरासारखं पसरतं. जवळपास रंगकाम काढायचं असेल, नवा गोंद किंवा साफसफाईचं नवं द्रव्य आणायचं असेल, तर लिथोच्या माणसाला आधी विचारा. घामातलं सोडियम हा आणखी जुना शत्रू, तो गेट ऑक्साइडमध्ये शिरून ट्रान्झिस्टरचा थ्रेशोल्ड हलवतो.

पायरी ६ : शिकण्याचा वेग वाढवा

वेफर आत घातल्यापासून चाचणीपर्यंत ६० दिवस लागत असतील, तर एखादा बदल करून त्याचा निकाल बघण्याची संधी वर्षात सहाच वेळा मिळते. ४५ दिवसांवर आणलात तर आठ वेळा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की लाइनमधले वेफर म्हणजे वेग गुणिले मुक्काम. वेग तोच ठेवून मुक्काम घटवला की अडकलेलं भांडवलही घटतं आणि बिघाडाच्या दिवशी धोक्यातले वेफरही. यंत्रं १०० टक्के भरून ठेवायचा हव्यास इथे उलटतो. भार टोकाला गेला की रांगा एकदम लांबतात.

तारांच्या थरांचा प्रश्न असेल तर ट्रान्झिस्टर बनवायची गरजच नाही. फक्त तेवढे थर साध्या वेफरवर घालून छोटी फेरी मारा, काही दिवसांत उत्तर मिळतं.

पायरी ७ : डिझाइनवाल्यांना सोबत घ्या

यील्ड हे फॅबचं काम आणि डिझाइन हे दुसऱ्या इमारतीतलं काम, ही विभागणी महागात पडते. जागा असेल तिथे एका व्हियाऐवजी (दोन थरांतल्या तारा जोडणाऱ्या खांबाऐवजी) दोन, मेमरीत जादा ओळी आणि स्तंभ ठेवून चाचणीच्या वेळी बदली, हे उपाय वेफरचा खर्च न वाढवता डाय वाचवतात. प्लेस्टेशन ३ च्या सेल प्रोसेसरमध्ये ८ सहायक कोर छापलेले होते, पण वापरात ७ च ठेवले. एक मेला तरी चिप विकता यावी म्हणून. एनव्हिडियाच्या एच१०० च्या एका प्रकारात १४४ पैकी १३२ एकक चालू असतात, तेही याच विचाराने. एएमडीने २०१७ मध्ये एपिक प्रोसेसर एका मोठ्या डायऐवजी २१३ चौरस मिलिमीटरच्या चार डायमध्ये विभागला. कंपनीने नंतर मांडलेल्या हिशोबानुसार, जोडण्यांसाठी जास्तीचं सिलिकॉन खर्ची घालूनही डायचा खर्च एकसंध चिपच्या ०.५९ पट आला.

पायरी ८ : आता खर्चाला हात घाला

ही पायरी इतक्या उशिरा ठेवली आहे, कारण यील्डचे आकडे हातात नसताना कापलेला खर्च कुठून रक्त काढेल ते कळत नाही.

सुरुवात मॉनिटर आणि डमी वेफरपासून (मोजमापासाठी आणि यंत्र भरण्यासाठी फिरवायच्या, न विकायच्या वेफरपासून) करा. तरुण फॅबमध्ये त्यांची संख्या थक्क करणारी असते. कुठला मॉनिटर गेल्या सहा महिन्यांत एकदाही लाल झाला नाही ते काढा आणि त्याची वारंवारता उतरवा, बंद मात्र करू नका. वापरलेले वेफर घासून परत घ्या. जे आधी दोषमापनाला वापरले ते पुढे चेंबर मुरवायला द्या.

मग वीज आणि पाणी. निर्वात पंप यंत्र रिकामं असतानाही पूर्ण वेगाने फिरत राहतात, त्यांना विश्रांतीचा वेग लावा. धुलाईच्या शेवटच्या फेरीतलं पाणी जवळजवळ शुद्धच असतं, ते वेगळ्या नळीने परत घेतलं तर पुन्हा १८.२ मेगओहम-सेंटिमीटरला आणायला कमी खर्च येतो. तैवानमध्ये २०२१ च्या दुष्काळात टँकरने पाणी आणावं लागलं होतं. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

चाचणीचा वेळही पैसा आहे. एकावेळी जास्त डायला टेकणारं प्रोब कार्ड घ्या. ज्या चाचणीत नापास झालेला प्रत्येक डाय आधीच्या कुठल्यातरी चाचणीत नापास होतोच, ती काढायचा विचार करा. पण मोटारीसाठीच्या चिपवर हा हात चालवू नका. तिथे उलट, पास झालेल्या पण शेजाऱ्यांपेक्षा वेगळे आकडे देणाऱ्या डायलाही बाजूला काढतात, आणि आजूबाजूचे सगळे मेले असताना एकटा जिवंत राहिलेला डायसुद्धा टाकून देतात.

पॅकेजिंगमध्ये असाल तर

साणंद किंवा महापेला काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्यांच्या हातात येणारा डाय फॅबचा सगळा खर्च अंगावर घेऊन आलेला असतो. करवतीने कड टवकली, खालच्या गोंदात पोकळी राहिली, तर तो सगळा खर्च बुडतो. पाती किती मीटर कापल्यावर बदलायची ते टवक्यांच्या मोजमापावरून ठरवा, पातं तुटायची वाट बघू नका.

सोन्याच्या तारेऐवजी तांबं वापरणं ही या उद्योगातल्या सगळ्यात मोठ्या बचतींपैकी एक, सोनं महागत गेलं तसा सगळा उद्योग तिकडे वळला. पण तांबं सोन्यापेक्षा कठीण असतं. तारेच्या टोकाचा गोळा पॅडवर दाबताना खालचं ऑक्साइड तडकू शकतं, आणि तो तडा चाचणीत न दिसता गिऱ्हाइकाकडे गेल्यावर उघडा पडतो. तांबं हवेत लगेच काळवंडतं, म्हणून गोळा बनतानाच्या क्षणी ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के हायड्रोजनचा झोत लागतो. बदल करायचा असेल तर आधी दाब आणि अल्ट्रासाउंडची खिडकी, म्हणजे चालण्याजोगा पल्ला, शोधा, काही पॅडवरची धातू आम्लाने काढून खाली तडा आहे का बघा, तार ओढून आणि गोळा आडवा ढकलून ताकद मोजा, नमुने उष्णतेत आणि आर्द्रतेत ठेवून पुन्हा मोजा. हे सगळं एकाच उत्पादनावर करा, निकाल आले की दुसरं घ्या. आणि झोताच्या वायूच्या प्रवाहावर अलार्म पहिल्याच दिवशी लावा, कारण तो अर्धवट बंद झाला तरी यंत्र तारा जोडतच राहतं.